रिफंड अडलाय कुठे, ते आधी शोधा

आयकराचा रिफंड ‘अडकला’ असं आपण सरसकट म्हणून टाकतो. पण तो अडकायच्या जागा चार-पाच आहेत, प्रत्येक जागेचं दार वेगळं आहे, आणि बहुतेक लोक नेमकं चुकीचं दार ठोठावत बसतात. कंपनीने टीडीएसचं (पगारातून, व्याजातून आधीच कापलेल्या कराचं) विवरण चुकीचं भरलं असेल तर बंगळूरच्या सीपीसीला, म्हणजे आयकर खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राला, कितीही फोन करा, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. बँक खात्यावरचं नाव पॅनशी जुळत नसेल तर सीएच्या मागे लागून उपयोग नाही. म्हणून तक्रार नोंदवण्याआधी पैसा कुठल्या टप्प्यावर थांबलाय एवढं बघून घ्यायचं.

सुरुवातीलाच एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असला तरी २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाच्या रिटर्नना १९६१ चाच कायदा लागतो. नोटिशींवरही जुनीच कलमं छापलेली असतात, म्हणून इथेही तीच वापरली आहेत.

पोर्टलवर लॉगिन केल्यावर ‘ई-फाइल’, मग ‘इन्कम टॅक्स रिटर्न्स’, मग ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’. ज्या वर्षाचा रिफंड हवा त्या चौकटीत ‘व्ह्यू डिटेल्स’ दाबलं की रिटर्नचा सगळा प्रवास एकाखाली एक दिसतो: भरलं कधी, व्हेरिफाय कधी झालं, प्रोसेस कधी झालं, रिफंड निघाला कधी. यात सगळ्यात ताजी ओळ कोणती, तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘सक्सेसफुली ई-व्हेरिफाइड’ एवढंच असेल तर चेंडू अजून सीपीसीच्या कोर्टात आहे. ‘प्रोसेस्ड विथ रिफंड ड्यू’ असेल तर हिशेब मान्य झालाय, पैसे निघायचे आहेत. ‘रिफंड इश्यूड’ असेल तर पैसे आयकर खात्याकडून निघाले, पुढचं रिफंड वाटणारी स्टेट बँक आणि तुमची बँक यांच्यात. ‘रिफंड फेल्ड’ म्हणजे पैसे खात्यापर्यंत जाऊन परत फिरले.

किती दिवस थांबायचं? पोर्टल स्वतः सांगतं की ई-व्हेरिफिकेशननंतर साधारण ४ ते ५ आठवड्यांत रिफंड जमा होतो. साध्या पगाराच्या रिटर्नला त्याहून कमीही लागतात. पण कायद्यातली मुदत फार सैल आहे. कलम १४३(१) खाली रिटर्न प्रोसेस करायला, ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते वर्ष संपल्यापासून ९ महिने मिळतात. म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेलं रिटर्न ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत प्रोसेस झालं तरी कायद्याच्या नजरेत ते वेळेतच. हे गैरसोयीचं आहे, पण ‘तीन महिने झाले, आता बेकायदेशीर झालं’ असं म्हणून भांडता येत नाही, हे माहीत असलेलं बरं.

तीस दिवसांची पाचर

सगळ्यात फुकटचा उशीर इथे होतो. रिटर्न ‘सबमिट’ केलं म्हणजे भरून झालं असं वाटतं. पण व्हेरिफाय होईपर्यंत सीपीसी त्याला हातही लावत नाही. आधार ओटीपी, नेट बँकिंग, आधी पडताळलेलं बँक किंवा डीमॅट खातं यांपैकी कशानेही ई-व्हेरिफाय करता येतं. यातलं काहीच जमत नसेल तर आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्नच्या पडताळणीचा फॉर्म, छापायचा, निळ्या शाईने सही करायची आणि स्पीड पोस्टाने सीपीसी, बंगळूर ५६०५०० ला पाठवायचा. टपालाने पाठवणार असाल तर तो तिथे पोहोचतो कधी हे महत्त्वाचं, म्हणून शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका.

१ ऑगस्ट २०२२ पासून यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, आधी १२० होती. जुन्या सवयीचे लोक अजून त्या १२० दिवसांच्या भरवशावर राहतात. ३० दिवस उलटून गेल्यावर व्हेरिफाय केलं तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरली जाते. आता हे कुठवर जातं ते बघा. समजा जुनी कररचना निवडून, ८०सी (गुंतवणुकीची वजावट) आणि घरभाडं भत्ता धरून, वेळेत रिटर्न भरलं आणि रिफंड निघत होता ३६,००० रुपये. व्हेरिफिकेशन राहिलं ते नोव्हेंबरात केलं. आता ते रिटर्न ‘उशिराचं’ झालं. उशिराच्या रिटर्नला जुनी कररचना मिळत नाही. ८०सी गेलं, घरभाडं गेलं, वर कलम २३४एफ ची ५,००० रुपये लेट फी (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००) लागली. ज्याची वाट बघत होतो तो रिफंड बाजूलाच राहतो आणि उलट मागणीची नोटीस येते. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांनी जुन्या कररचनेसाठी फॉर्म १०-आयईए मुदतीत भरला नाही तरी नेमकं असंच होतं.

टीडीएस: पैसे कापले, पण जमा कुणाच्या नावावर?

रिफंड म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत जास्तीचा कापलेला टीडीएस परत. तो परत देताना सीपीसी तुमचा फॉर्म सोळा (कंपनी देते तो टीडीएसचा दाखला) बघत नाही, पगाराची स्लिप बघत नाही. ती बघते २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा. त्यात आकडा नसेल तर तुमच्या रिटर्नमध्ये कितीही लिहा, तेवढं श्रेय कापूनच हिशेब होतो.

२६एएस उघडून प्रत्येक नोंदीपुढचा ‘बुकिंग स्टेटस’चा रकाना वाचा. एकच अक्षर असतं, पण सगळी मेख त्यात असते. ‘एफ’ असेल तर नोंद पक्की. ‘यू’ म्हणजे कापणाऱ्याने विवरणात दाखवलेली रक्कम आणि बँकेत भरलेलं चलन जुळलेलं नाही. ‘पी’ हे फक्त सरकारी कार्यालयांनी कापलेल्या कराला लागतं, कोषागाराकडून पडताळणी झाली की त्याचं ‘एफ’ होतं. ‘ओ’ म्हणजे कापणाऱ्याने भरले त्यापेक्षा जास्त पैसे विवरणात वाटून टाकलेत. ‘यू’ आणि ‘ओ’ दोन्हींवर इलाज एकच: ज्याने कर कापला त्याने सुधारित विवरण भरणं. तुम्ही करू शकता ते एवढंच की कंपनीच्या अकाउंट्स विभागाला किंवा बँकेच्या शाखेला लेखी, तारखेसह, नेमका तिमाहीचा आकडा देऊन कळवायचं. ‘माझा टीडीएस दिसत नाही’ असा मोघम निरोप दिला तर तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

जानेवारी ते मार्च या तिमाहीचं विवरण भरायची शेवटची तारीख ३१ मे असते, आणि त्यानंतर २६एएसमध्ये नोंद उमटायला काही दिवस जातात. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये घाईघाईने रिटर्न भरणारा हुशार ठरत नाही. मार्चचा सगळ्यात मोठा टीडीएस तेव्हा तिथे नसतोच. जूनचा दुसरा पंधरवडा उजाडू द्या, मग भरा.

मुदत ठेवींच्या बाबतीत घोळ जास्त आणि बारीक असतात. बँक दर वर्षी साठलेल्या व्याजावर टीडीएस कापते, आणि ठेवीदार मात्र पाच वर्षांनी ठेव मोडल्यावर सगळं व्याज एकदम दाखवतो. मग चार वर्षं टीडीएस मागितला पण त्याच्यासमोर उत्पन्नच नाही, असं चित्र दिसतं आणि श्रेय तेवढं कमी मिळतं. नियम ३७बीए प्रमाणे ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्या वर्षीच त्यावरचा टीडीएस मागता येतो. म्हणून एकतर दर वर्षी व्याज दाखवा, नाहीतर टीडीएस रिटर्नमध्येच पुढच्या वर्षासाठी ओढा, त्याचा रकाना आहे. दुसरा प्रकार संयुक्त ठेवीचा. पैसे आईचे, ठेवीवर पहिलं नाव मुलाचं, टीडीएस मुलाच्या पॅनवर, व्याज आईच्या रिटर्नमध्ये. यंत्राला हे नातं कळत नाही. बँकेला आधीच लेखी प्रतिज्ञापन देऊन टीडीएस आईच्या पॅनवर दाखवायला सांगता येतं, नाहीतर सरळ ठेवीवरच्या नावांचा क्रम बदला.

आणखी एक नेहमीचा प्रकार: दवाखान्यात मानधनावर काम करणारे डॉक्टर, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे, विमा एजंट. यांचा टीडीएस कापला जातो १९४जे, १९४डी किंवा १९४एच खाली, म्हणजे व्यावसायिक शुल्क किंवा कमिशन म्हणून. हे लोक पगारदाराचा आयटीआर-१ भरतात. सीपीसीला एका बाजूला व्यवसायाचा टीडीएस आणि दुसऱ्या बाजूला व्यवसायाचं उत्पन्नच नसलेलं रिटर्न दिसतं. मग कलम १३९(९) खाली ‘डिफेक्टिव्ह’ची नोटीस येते. तिला १५ दिवसांत उत्तर द्यायचं, योग्य फॉर्ममध्ये रिटर्न दुरुस्त करून. नोटीस नुसती पडून राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. मग रिफंड कसला?

कंपनीने कर कापला आणि सरकारला भरलाच नाही, हा सगळ्यात चीड आणणारा प्रकार. कलम २०५ तुमच्या बाजूने आहे: तुमच्याकडून कापलेला कर तुमच्याकडूनच पुन्हा वसूल करता येत नाही. पण सीपीसीचं यंत्र कलम २०५ वाचत नाही. पगाराच्या स्लिपा, बँकेत पडलेला निव्वळ पगार आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार घेऊन तुमच्या असेसिंग ऑफिसरकडे, म्हणजे तुमचं प्रकरण ज्याच्याकडे येतं त्या आयकर अधिकाऱ्याकडे, जावं लागतं. मागणी थोपवण्यासाठी हा मार्ग चालतो. रिफंडसाठी तो लांब पडतो, हे स्पष्टच सांगितलेलं बरं.

यंत्राला शंका आली तर

२०२५ च्या हंगामात रिफंड लांबले त्याचं मोठं कारण हे होतं. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी पडताळणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे आणि त्यावर कमिशन घेणारे एजंट हे लक्ष्य होतं. त्यांची एक पद्धत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ढीगभर रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ईमेल पत्ते काढायचे आणि नंतर सोडून द्यायचे. करदात्याला येणारी नोटीस त्या सोडलेल्या पत्त्यावर जाऊन पडते, त्याला पत्ताच नसतो. तुमचं रिटर्न दुसरं कुणी भरत असेल तर आज पोर्टलवर ‘माय प्रोफाइल’ उघडून मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना, हे बघून घ्या. ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसीडिंग्ज’ही उघडून बघा. ईमेल चुकला तरी नोटीस तिथे असतेच.

त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये अनेकांना संदेश गेले की तुमचा रिफंडचा दावा जोखीम-तपासणीत आला आहे, रिटर्न पुन्हा तपासा आणि गरज असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत सुधारा. बहुतेकांची तक्रार रास्त होती: नेमकी कुठली वजावट खटकली ते संदेशात नव्हतंच. खात्याने संशय घ्यायला हरकत नाही, पण संशय कशाचा हे सांगितलं तर निम्मी रिटर्न्स आठवड्यात साफ होतील.

शंका कशाने येते हे मात्र ओळखता येतं. राजकीय पक्षाला दिलेली देणगी (८०जीजीसी), विशेषतः नाव न ऐकलेल्या नोंदणीकृत पक्षाला. ८०जी ची देणगी जिथे संस्थेचा पॅन चुकला आहे. फॉर्म सोळात घरभाडं शून्य आणि रिटर्नमध्ये दोन लाख. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर आणि घरमालकाचा पॅन नाही. म्हणजे ढोबळ मानाने, नोकरी देणाऱ्या कंपनीला जे सांगितलं नाही ते सरकारला सांगितलं की दिवा लागतो. असा दावा खोटाच असतो असं अजिबात नाही. कंपनीची पुरावे द्यायची तारीख चुकली आणि खरी वजावट रिटर्नमध्ये मागितली, हे पूर्ण कायदेशीर आहे. पण पुरावा हाताशी हवा. २०२५-२६ या असेसमेंट इयरपासून (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नापासून) रिटर्नच्या फॉर्ममध्येच विम्याचा पॉलिसी नंबर, आरोग्य विमा कंपनीचं नाव, गृहकर्जाच्या खात्याचा तपशील, घरभाड्याचे आकडे मागायला सुरुवात झाली आहे. तिथे अंदाजपंचे काही भरू नका.

दावा खरा असेल तर घाबरून सुधारित रिटर्न भरायचं नाही. सुधारित रिटर्न भरलं की प्रोसेसिंगची रांग नव्याने लागते. आधीची जागा जाते. दावा खोटा किंवा फुगवलेला असेल तर मात्र मुदतीत सुधारणं स्वस्त पडतं, कारण चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कलम २७०ए खाली त्या कराच्या २०० टक्के दंड आहे. सीपीसीने १४३(१)(ए) खाली प्रस्तावित बदलाची सूचना पाठवली असेल तर तिला ३० दिवसांत ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ असं उत्तर द्या. उत्तर दिलं नाही तर तीस दिवसांनी त्यांचाच हिशेब कायम होतो.

प्रकरण छाननीला गेलं असेल तर तो उशीर वेगळ्या जातीचा. कलम २४५(२) खाली, असेसमेंट चालू असेल आणि रिफंड दिल्याने वसुलीला धोका आहे असं अधिकाऱ्याला वाटलं, तर प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांच्या मंजुरीने रिफंड रोखता येतो. त्याची कारणं लेखी असावी लागतात. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे, मागा.

जुनी थकबाकी

रिफंड मंजूर झाला, पण ‘अ‍ॅडजस्टेड’ असं दिसतं? मग कुठल्यातरी मागच्या वर्षाची मागणी निघाली आहे. वळती करून घेण्याआधी कलम २४५ ची सूचना येते आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडायचं. मागणी आधीच भरली असेल तर चलनाचा बीएसआर कोड, तारीख आणि अनुक्रमांक घालायचा. दुरुस्तीचा अर्ज किंवा अपील चालू असेल तर त्याचा तपशील. गप्प बसलात तर २१ दिवसांनी रक्कम कापली जाते, आणि मग ती परत मिळवणं म्हणजे कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज आणि नवी वाट.

या मागण्यांत बऱ्याच जुन्या, कागदावरून संगणकात चढवताना आलेल्या असतात. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पानंतर २०१०-११ पर्यंतच्या असेसमेंट इयरच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या रद्द केल्या गेल्या, एका करदात्याला कमाल एक लाखापर्यंत. त्यातून सुटलेल्या अजून दिसतात. अलीकडची एक खास जात म्हणजे ८७ए च्या, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नाला करात मिळणाऱ्या सवलतीची. शेअर विकून झालेल्या अल्पकालीन नफ्यावर नव्या कररचनेत ही सवलत मिळते की नाही यावर २०२४-२५ या असेसमेंट इयरच्या रिटर्नांत वाद झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि आधी दिलेली सवलत काढून घेऊन अनेकांना छोट्या-छोट्या मागण्या आल्या. दोन-चार हजारांची ती मागणी लोकांनी दुर्लक्षिली, आणि पुढच्या वर्षीच्या रिफंडमधून ती निमूट कापली गेली. रिटर्न भरायच्या आधी थकबाकीचं पान एकदा उघडून बघायची सवय लावली तर हे आधीच समजतं.

बँक खातं: शेवटच्या पायरीवर पाय घसरतो

१ मार्च २०१९ पासून रिफंड फक्त पॅनशी जोडलेल्या खात्यात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने येतो. ‘माय प्रोफाइल’मधल्या ‘माय बँक अकाउंट’मध्ये खातं ‘व्हॅलिडेटेड’ असायला हवं आणि रिफंडसाठी त्याच्यासमोरचं बटण चालू असायला हवं. बचत, चालू, कॅश क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट आणि एनआरओ (अनिवासींची रुपयांतली) खाती चालतात. कर्जाचं खातं, पीपीएफ चालत नाही.

अडचण बहुतेक वेळा नावात असते. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदरी रचना. पॅनवर पूर्ण तीन, बँकेत आडनाव पहिलं आणि मधलं नुसतं अक्षर. लग्नानंतर पॅन सासरच्या नावाने आणि खातं माहेरच्या नावाने, हे तर घरोघरी. अशा वेळी ‘व्हॅलिडेशन फेल्ड, नेम मिसमॅच’ येतं. पोर्टलवर कितीही वेळा ‘रीव्हॅलिडेट’ दाबून भागत नाही. शाखेत जाऊन पॅनची प्रत आणि विवाह प्रमाणपत्र देऊन खात्यावरचं नाव पॅनप्रमाणे करा, नाहीतर पॅन बदला. एकच बदला, पण एक तरी बदला. बँकेत बदल झाल्यावर दोन-तीन दिवस थांबून मग पुन्हा पडताळणी.

बँका विलीन झाल्याने आयएफएससी बदलतात. देना आणि विजया १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, पुढच्या वर्षी सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. मे २०२५ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. जुनं चेकबुक बघून आयएफएससी टाकणारे अजून सापडतात. सहकारी बँकेत खातं असेल आणि पोर्टलवर ते जुळत नसेल तर त्या बँकेशी झगडण्यात महिना घालवण्यापेक्षा रिफंडसाठी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेतलं खातं पुढे करा.

रिफंड ‘फेल्ड’ झाला तर तो आपोआप पुन्हा येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. आधी खातं दुरुस्त करायचं, ‘व्हॅलिडेटेड’ झालेलं बघायचं, मगच ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘रिफंड रीइश्यू’ उघडून विनंती टाकायची आणि ती ई-व्हेरिफाय करायची. खातं दुरुस्त न करता विनंती टाकली तर तोच रिफंड दुसऱ्यांदा परत फिरतो. ‘इश्यूड’ दाखवतंय पण पैसे दिसत नाहीत असं असेल तर पासबुक भरून ‘आयटीडीटॅक्स रिफंड’ अशी नोंद शोधा. घरात तीन खाती असतात आणि पैसे भलत्याच खात्यात पडून असतात, असंही होतं.

पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय, आणि १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही. निष्क्रिय असलेल्या काळाचं व्याजही नाही. १,००० रुपये भरून जोडणी करायची. परदेशातल्या मराठी लोकांची इथे वेगळी गंमत होते. अनिवासींना आधार जोडणी सक्तीची नाही, पण खात्याच्या नोंदीत त्यांचा दर्जा ‘निवासी’च राहिलेला असल्याने पॅन निष्क्रिय झालं. पासपोर्टच्या प्रतींसह आपल्या असेसिंग ऑफिसरला अनिवासी असल्याचं कळवून ते सक्रिय करून घ्यावं लागतं. रिफंडसाठी त्यांनी एनआरओ खातं जोडावं. भारत सोडून दहा वर्षं झाली तरी साधं बचत खातं तसंच चालू ठेवलं असेल तर ते आधी एनआरओ करून घ्या. करदाता वारला असेल तर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी होईपर्यंत रिफंड हलत नाही, तो बंद झालेल्या खात्याकडे जाऊन परत येतो.

इंटिमेशन, तक्रार आणि व्याज

प्रोसेस झाल्यावर ईमेलने १४३(१) ची इंटिमेशन येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख आठ अंकांत, मध्ये जागा न सोडता. आत दोन रकाने असतात, एक तुम्ही भरलेला आणि दुसरा सीपीसीने काढलेला. नुसता शेवटचा आकडा बघून बंद करू नका. वरपासून खाली बोट फिरवत जा, जिथे पहिल्यांदा दोन आकडे वेगळे होतात तिथे कारण आहे. वजावटीच्या ओळीत फरक असेल तर कररचना किंवा पुरावा. भरलेल्या कराच्या ओळीत असेल तर टीडीएस. पहिलं असेल तर ‘सर्व्हिसेस’मधल्या ‘रेक्टिफिकेशन’मध्ये जाऊन माहिती सुधारायची. टीडीएसचा फरक असेल तर २६एएस दुरुस्त झाल्याची खात्री करूनच ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच’चा पर्याय निवडायचा. रिफंड १०० रुपयांच्या आत असेल तर तो दिलाच जात नाही, त्यासाठी तक्रार करू नका.

तक्रार करायचीच तर ‘ग्रीव्हन्सेस’मध्ये विभाग नीट निवडा: प्रोसेसिंग अडलं असेल तर सीपीसी-आयटीआर, टीडीएसचं असेल तर सीपीसी-टीडीएस, छाननीचं असेल तर असेसिंग ऑफिसर. चुकीचा विभाग निवडला की ‘आमच्याशी संबंधित नाही’ असं लिहून तक्रार बंद होते. असेसिंग ऑफिसर पॅनच्या जुन्या पत्त्यावरून ठरलेला असतो, त्यामुळे पुण्यात राहणाऱ्याचं प्रकरण नाशिकला असू शकतं. पोर्टलवर ‘नो युअर एओ’मध्ये पॅन टाकून बघा. सीपीसीचे फोन १८०० १०३ ००२५ आणि १८०० ४१९ ००२५. रिफंडसाठी लिंकवर खात्याचा तपशील मागणारा एसएमएस आला तर तो फसवणुकीचा. खातं पोर्टलवरच पडताळलेलं असताना एसएमएसवरून ते विचारायची आयकर खात्याला गरजच नाही.

उशिराबद्दल कलम २४४ए खाली दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, महिन्याचा काही भाग असला तरी पूर्ण महिना धरून. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर मोजणी असेसमेंट इयरच्या १ एप्रिलपासून. उशिरा भरलं असेल तर भरल्याच्या तारखेपासून. समजा एकूण कर १,२०,००० निघाला आणि टीडीएस १,४८,००० होता. रिफंड २८,०००. तो १२ डिसेंबरला निघाला तर एप्रिल ते डिसेंबर नऊ महिने, साडेचार टक्के, व्याज १,२६० रुपये. पण तोच रिफंड ९,५०० असता तर व्याज शून्य, कारण रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांच्या, म्हणजे १२,०००च्या आत आहे. तुमच्यामुळे लागलेला वेळ, उदाहरणार्थ चुकीच्या खात्यामुळे परत फिरलेला रिफंड, व्याजातून वगळला जातो.

एखाद्या वर्षाचं रिटर्नच भरलं नाही आणि टीडीएस अडकून पडला असेल तर अपडेटेड रिटर्नने रिफंड मागता येत नाही. कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे त्या असेसमेंट इयरच्या शेवटापासून ५ वर्षांच्या आत, आणि १ कोटीपर्यंतचे दावे प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांकडे. आजारपण, मृत्यू, टीडीएसची नोंद फार उशिरा उमटणं यांसारखं खरं कारण आणि त्याचा कागद लागतो. माफी मिळाली तरी अशा रिफंडवर व्याज मिळत नाही. ज्यांना व्याज मिळालंय त्यांनी ते ज्या वर्षी मिळालं त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवायचं. मूळ रिफंडवर कर नाही, व्याजावर आहे, आणि ती नोंद एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, आधीच जाऊन बसलेली असते.